उतरायचं चित्र

आमच्या ताईच्या घरातून एका वर्षी धाकटी महालक्ष्मी भिंतीवरून चालत छपराकडे निघून गेली, आणि त्याला कारण माझी छाती.

आता छाती म्हणजे तरी काय! शर्टाच्या आत काहीतरी आहे, एवढीच तिची ओळख. आठवीत गणितानं मला सोडलं, मग मी शाळा सोडली, आणि आईनं मला अकोल्याकडच्या आमच्या गावाहून थेट बालाघाटला ताईकडे धाडून दिलं. गाडीत बसवताना म्हणाली, "वसंता, ताईले जड होऊ नको. भाऊजी म्हणतीन थे करजो." हे वाक्य मी इतकं मनावर घेतलं की पहिला महिनाभर मी ताईच्या घरात पाणीसुद्धा विचारून पीत होतो. भाऊजी शिंकले तरी मला वाटायचं, माझ्यामुळेच! (एकदा तर मी माफीही मागितली. भाऊजी म्हणाले, "मिरची परतून राह्यली तुही ताई, तू काहून माफी मागतं?")

भाऊजी भरवेलीच्या खाणीत हजेरीबाबू. रोज सायकलवर जायचे आणि संध्याकाळी मॅंगनीजची काळी धूळ घेऊन परत यायचे. एका संध्याकाळी ते सायकल भिंतीला टेकवतानाच ओरडले, "कमल, वसंताचं काम झालं समज! चौकीदाराची जागा निघून राह्यली. फक्त डाक्टरसायेब छाती पाहतेत. फुगवून दाखवा लागते."

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोळ्याच्या आधी बाजारात बैल बघतात ना, तसं. मागून पाहिलं, पुढून पाहिलं, बाजूनं पाहायला गेले तर मी दिसेचना.

"कमल, याले छाती नाही वं!"

"असन ना. शर्ट काढून पाहा नीट," ताई चुलीपुढून म्हणाली.

शर्ट काढला.

"नाहीच!"

झालं. छाती नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर परत गाव. आईपुढे जाऊन सांगायचं की भाऊजींनी सगळं केलं, पण मला छातीच जमली नाही. 

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कुठल्याशा जत्रेत घेतलेला योगासनांचा एक रंगीत कागद पेटीच्या तळातून काढला. त्यावर एक गुलाबी रंगाचा, लंगोट लावलेला माणूस ओळीनं आसनं करत होता. जमिनीवर पडलेला, पाय भिंतीला लावलेला, भिंतीवर पावलं टाकत टाकत वर गेलेला, आणि शेवटी फक्त खांद्यांवर उभा, दोन्ही तळवे वर भिंतीला. त्याच्या पुढची सगळी चित्रं उंदरानं खाल्ली होती.

"भाऊजी, हा माणूस वर तं गेला. पण उतरते कसा?"

भाऊजींनी कागद उजेडात धरला. उंदरानं पाडलेल्या भोकातून त्यांना पलीकडची ताई दिसली. म्हणाले, "आधी वर तं जाय! उतरायचं मंग पाहू."

माझ्या व्यायामाची सगळी शास्त्रीय बैठक ती एवढी.

पहिले तीन दिवस मी कोंबड्याच्या आधी उठलो. चौथ्या दिवशी कोंबडा माझ्या आधी उठला. त्यानंतर कोंबड्याचा आणि माझा काही संबंधच उरला नाही. माणसाला रोज एकच गोष्ट करायला लावणं यासारखा छळ नाही हो! रोज जेवायचा मला कधी कंटाळा आला नाही, पण रोज पाय वर करायचे म्हटलं की सारं अंग अडून बसायचं. कधी पोटात दुखायचं, कधी पाऊस, कधी डास. एकदा तर मी 'आज एकादशी आहे' असं सांगून पाहिलं. भाऊजी म्हणाले, "बरं झालं. पोट रिकामं असन, पाय हलके जातीन."

तरी मी उठायचो. गोधडीत पडल्या पडल्या मला आईचं ते वाक्य ऐकू यायचं, आणि ते ऐकू आलं नाही तर भाऊजी यायचे. गोधडी ओढून घ्यायचे, तीच स्वतःभोवती गुंडाळायचे, खाटेवर बसून चहाची बशी तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "हं, श्वास घे!"

"भाऊजी, तुम्ही नाही करत?"

"मी शिकवून राह्यलो ना बे! मीच उलटा झालो तं तुह्याकडे पाहील कोण?"

मग मी दाराजवळच्या भिंतीला पाय लावायचो, एक एक पाऊल टाकत वर जायचो, खांद्यांवर उभा राहायचो, आणि भाऊजींची बशी रिकामी झाली की धप्पकन कुशीवर कोसळायचो. कोसळण्यासाठी ताईनं बाजूला एक जुनी गोधडी घडी करून ठेवलेली असायची. तिचं नावच आम्ही 'उतरायची गोधडी' पाडलं होतं.

दर रविवारी सुतळीनं छाती मोजली जायची. पहिल्या रविवारी जिथपर्यंत सुतळी पोचली तिथं भाऊजींनी गाठ मारली. पुढल्या रविवारी श्वास भरून उभा राहिलो तर सुतळी गाठीच्या पुढे बोटभर! त्याच्या पुढल्या रविवारी आणखी! मला इतका हुरूप आला की मी बाजारात कोपरं बाहेर काढून चालू लागलो. दाराच्या चौकटीतून जरा तिरपा होऊन शिरायला लागलो, उगीच छाती अडकायची!

(पुढे कळलं ते असं. पोरगा हिरमुसला होऊ नये म्हणून ताई शनिवारी गुपचूप ती गाठ सोडून थोडी अलीकडे मारायची. आणि पोरगा हिरमुसला होऊ नये म्हणून भाऊजीही मारायचे. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. त्या सुतळीच्या हिशेबानं आणखी महिनाभर गेला असता तर माझी छाती म्हशीएवढी भरली असती!)

असं करता करता भादवा आला. डॉक्टरसाहेबांकडे जायचं ठरलं सोमवारी, आणि महालक्ष्म्यांचं जेवण आलं बरोबर रविवारी. भाऊजींनी इथं एक डाव टाकला. डॉक्टरसाहेबांना त्यांनी रविवारी जेवायलाच सांगून टाकलं. "आंबील अन् पुरणपोळी पोटात गेली का सोमवारी त्यायले पोराची छाती आपोआप मोठी दिसन," असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी ताईनं महालक्ष्म्या बसवल्या. साऱ्या घराला छुईमातीचा पांढरा हात दिलेला. थोरलीला नवं हिरवं लुगडं, आणि धाकटीला ताईचं लग्नातलं, जरा विरलेलं. त्यावरून दोघांत बारीकसं वाजलंही. "दोघीले नवं पायजे होतं," ताई म्हणाली. "निऱ्या मागं घे, विरलेलं दिसत नाही," भाऊजी म्हणाले. मग ताईनं परातीत कुंकवाचं पाणी कालवलं, मुठीनं उंबऱ्यापासून देवीपर्यंत नाजूक पावलं काढली, शेजारच्या बिसेनकाकींनी रीतीप्रमाणे विचारलं, "लक्ष्मी कोण्या पावलानं आली?" आणि ताई म्हणाली, "सोन्याच्या पावलानं आली!" सगळं यथासांग झालं.

झोपताना मी भाऊजींना हळूच विचारलं, "उद्या सणाचा दिवस. आसनाले सुट्टी देऊ काय?"

"सोमवारी तपासणी अन् रविवारी खाडा? एका दिवसात छाती आत जाते, माहीत हाय?"

मला रात्रभर छाती आत जाताना जाणवत होती.

पहाटे उठलो. घरात अंधार, फक्त देवीपुढची समई मिणमिणत होती. दोघी महालक्ष्म्यांना हात जोडले, म्हटलं, माय, तुमच्याकडे पाय नाही करत, मी आपला दाराजवळच्या भिंतीला. उंबऱ्याशी गेलो तर तिथं एक परात पाण्यानं भरलेली! मला भरूनच आलं. पांढऱ्याशुभ्र भिंतीला माझे पाय लागणार म्हणून ताईनं आठवणीनं पाय धुवायला पाणी ठेवलं! एवढ्या सणाच्या गडबडीत! किती करते ही बाई माझ्यासाठी! मी दोन्ही पाय परातीत घातले आणि बोटांच्या मधून मधून चोळून चांगले स्वच्छ धुतले.

मग पडलो, पाय भिंतीला लावले, एक एक पाऊल टाकत वर गेलो. श्वास घेतला, सोडला. छाती फुगल्यासारखी वाटली. धप्प उतरलो, आणि टोपली घेऊन पूजेची फुलं-पत्री आणायला बांधाबांधानं निघून गेलो. ओल्या गवतातून, चिखलातून. पाय पुन्हा धुऊन निघाले.

परत आलो तेव्हा अंगणात ही गर्दी! आत ताई कपाळाला हात लावून बसलेली, चूल थंड, आणि बिसेनकाकी दाराजवळच्या भिंतीपुढे उभ्या राहून बाकीच्या बायांना दाखवत होत्या.

"देखो बाई, काल दोघी आलत्या. हे देवीकडे जाऊन राह्यले थे थोरलीचे पाय. अन् हे पाहा, उंबऱ्यातूनच वळले, भिंतीवर चढले, अन् वर, वर, वर... सीधे कवेलूतून बाहर! उतरायचं एकबी पाऊल नाही!"

"म्हणजे?" एकीनं विचारलं.

"म्हणजे काय? धाकटी चली गई!"

ताईनं हंबरडा फोडला. "मी म्हणतच होती! तिले जुनं लुगडं नेसवलं, रुसली थे! आता कोणत्या तोंडानं नैवेद्य दाखवू?" आणि भाऊजींकडे वळून, "निऱ्या मागं घे म्हणे! आता पाहा मागं!"

भाऊजी कधी भिंतीकडे पाहत होते, कधी छपराच्या कवेलूंकडे. "पण पाय एवढे मोठे कसे वं? काल तं तू मुठीनं काढलते."

"रागानं पाय आपटत गेली असन तं मोठेच उमटतीन!" बिसेनकाकींनी निकाल दिला.

मी फुलांची टोपली हातात धरून दारात उभा. भिंतीकडे पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, काय हा चमत्कार! मग वाटलं, ही जागा आपल्या ओळखीची आहे. मग परातीकडे पाहिलं, त्या लाल पाण्याकडे, आणि फुलांची टोपली तिथंच भिंतीशी ठेवून दिली.

"ताई..."

"चूप राय रे वसंता, आधीच घरात अवदसा आली!"

"सोन्याच्या पावलानं आली," बिसेनकाकी हात ओवाळत म्हणाल्या, "अन् कोण्या पावलानं गेली वं माय?"

"माझ्या!" मी ओरडलो.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. माझे पाय बघितले. गवतानं पुसून लख्ख!

"पोराले धक्का बसला," एक बाई म्हणाली. "याले पानी पाजा."

"अवं, खरंच माझे पाय होत! मीच गेलतो वर!"

"कुठं गेलता?"

"भिंतीवर!"

"पानी पाजा, पानी पाजा!"

भाऊजींच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. ते पटकन माझ्या कानाशी आले. "आसन?" मी मान हलवली. "परात?" मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "दाखव करून! सगळ्यायच्या समोर दाखव! नाहीतर हे बाई आज चूल पेटवत नाही अन् तिकडून डाक्टरसायेब येऊन राह्यले!"

आता बायांसमोर आसन करायचं! मी धोतर घट्ट खोचलं (त्यावर भाऊजींनी आपला पंचा बांधला, त्यावर ताईनं सुतळी. हो, तीच), पडलो, पाय भिंतीला लावले. बरोबर पहिल्या लाल पावलावर माझं पाऊल बसलं. दुसऱ्यावर दुसरं. बायांमधून "आँ" असा आवाज निघाला. मी वर वर जात होतो, एकेक पाऊल जुळत होतं, आणि ताईचं रडणं एकेक पायरी उतरत होतं. सगळ्यात वरच्या पावलावर तळवे टेकले तेव्हा ती हसायलाच लागली. "अगं बाई, धाकटी कुठंच नाही गेली! हा गाढव गेलता!"

आयुष्यात 'गाढव' या शब्दानं मला एवढा आनंद कधी झाला नाही.

नेमके त्याच क्षणी दारातून दोन काळे बूट आत आले. मी खांद्यांवर उभा असल्यामुळे मला फक्त बूटच दिसले. बूट थांबले.

"ये क्या चल रहा है, बाबूजी?"

डॉक्टरसाहेब! जेवायला! आणि चूल थंड!

भाऊजींनी संधी साधली. डाव म्हणजे डाव! "सायेब, हाच तो लडका! रोज सुबह ऐसाच रहता है! छाती देखो, सायेब, छाती!" आणि मला खालच्या आवाजात, "फुगव बे!"

मी फुगवली. उलटा असल्यामुळे पोटही छातीत उतरलं होतं. तेव्हासारखी भरदार छाती मला पुन्हा कधी लाभली नाही. पण डॉक्टरसाहेब छातीकडे बघेचनात. ते वाकून भिंतीवरची लाल पावलं निरखत होते.

"ये पंजे इसके हैं?"

"हौ!" साऱ्या बाया एका सुरात म्हणाल्या. पाच मिनिटांपूर्वी माझं ऐकत नव्हत्या, आता साक्षीदार!

"पूरा का पूरा छपा है. बीच में ज़रा भी जगह खाली नहीं. इसके पाँव तो एकदम सपाट हैं. चौकीदार को रात भर चलना पड़ता है, ये तो चार दिन में बैठ जाएगा. नहीं चलेगा."

मी उलटाच.

"पण सायेब, छाती..." भाऊजी रडकुंडीला आले.

"छाती ठीक है, बाबूजी. पर चौकीदार को छाती से थोड़े ही चलना है!"

एवढे दिवस आम्ही तिघं छातीच्या मागे लागलो होतो. खाली दोन पाय आहेत याची कुणाला शुद्धच नव्हती! मला खरं तर तेव्हा उतरायला हवं होतं. पण उतरून कुठं बघायचं? तसाच उलटा राहिलो आणि डोळ्यांतलं पाणी कपाळावरून केसांत जाऊ दिलं. (उलटं राहण्याचा हा एक फायदा. कुणाला कळत नाही.)

ताईला कळलं. ती उठली, पदर खोचला आणि तिच्या आयुष्यातलं सगळं हिंदी एका दमात बोलली, "सायेब, पोरगा लांबसे आया. माय वहाँ वाट देखती. पाय सपाट हाय तो बैठने का काम देव. बैठने में ये लई हुशार हाय!"

डॉक्टरसाहेब हसले. असे हसले की त्यांना खाटेवर बसावं लागलं. "पढ़ना आता है?"

"सातवी पास!" मी खालून ओरडलो, आणि त्या ओरडण्यात तोल जाऊन धप्प! आणि त्या दिवशी उतरायची गोधडी सणासाठी म्हणून माळ्यावर टाकलेली. मी कोसळलो तो सरळ फुलांच्या टोपलीत. साहेब पुन्हा हसायला लागले.

मग ताईनं चूल पेटवली, बिसेनकाकी पुरण वाटायला बसल्या, आणि दुपार कलताना डॉक्टरसाहेब जेवले. आंबील दोनदा मागून घेतली. हात धुताना म्हणाले, "दवाखाने में पर्ची बनाने वाला चाहिए. स्टूल पर बैठना है. कल ही भेज दो."

त्या स्टुलावर मी अजून बसतो. मजुराचं नाव विचारायचं, चिठ्ठी लिहायची, आत पाठवायचं. आईला निरोप गेला तेव्हा तिनं गावात पेढे वाटले म्हणे. भिंतीवरची ती पावलं मी पुसायला गेलो तर ताईनं माझा हात धरला. "राहू दे. रोज सकाळी त्याच्यावर पाय टेकले तरच चहा." तेव्हापासून माझा व्यायाम कधी चुकला नाही. छातीसाठी नाही, नोकरीसाठी नाही, चहासाठी! आता माझं लग्न झालं, वेगळं घर झालं, तरी बायकोनं ताईकडून ऐकून दाराजवळच्या भिंतीवर दोन खुणा करून घेतल्या आहेत आणि बाजूला गोधडी टाकलेली असते. दर भादव्यात ताई थोरलीला आणि धाकटीला एकसारखं नवं लुगडं नेसवते, आणि जाता जाता भिंतीवरच्या माझ्या पावलांनाही हळदकुंकू लावते.

बिसेनकाकी मात्र अजून आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत की त्या दिवशी लक्ष्मी वर गेली ती गेलीच. मी आता त्यांच्याशी वाद घालत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती माझ्या दारातून आत येते, चार दिवस बरी राहते, आणि मग बघता बघता भिंतीवरून कवेलूकडे निघून जाते. पावलं निरखून पाहतो, तर दर वेळी माझीच. आणि तिला खाली कसं उतरवायचं, ते चित्र तेवढं उंदरानं खाल्लं आहे!